‘हे मला ग्रीक आहे!’ – एक इंग्रजी वाक्प्रचार आणि आपल्या घरचे कागद



इंग्रजी ही आता आपल्या घराघरात शिरलेली भाषा आहे. मुले पहिलीपासून ती शिकतात, शब्द पाठ करतात, स्पेलिंग घोकतात. परंतु एखादा वाक्प्रचार समोर आला की गाडी अडते. प्रत्येक शब्दाचा अर्थ ठाऊक असतो, पण वाक्याचा अर्थ हाती लागत नाही. ‘इट इज ऑल ग्रीक टू मी’ हे असेच एक वाक्य. शब्दाला शब्द ठेवला तर ‘हे सगळे मला ग्रीक आहे’ असा अर्थ निघतो. ग्रीस देशाचा आणि आपला संबंध काय, असा प्रश्न मुलाने विचारला तर त्यात त्याची चूक नाही.

या वाक्याचा खरा अर्थ एवढाच की, समोरचे बोलणे किंवा लिहिणे मला मुळीच समजत नाही. ते विजेचे बिल असेल, डॉक्टरांची चिठ्ठी असेल, कोर्टाचा समन्स असेल किंवा दहावीच्या पुस्तकातले बीजगणित असेल. जे आपल्याला परक्या भाषेइतके अगम्य आहे, त्याला इंग्रज माणूस ‘ग्रीक’ म्हणतो.

आमच्या मते हा वाक्प्रचार परीक्षेत दोन गुण मिळवण्यापुरता नाही. त्यात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. न समजणे हा दोष नेमका कुणाचा, हा प्रश्न या चार-पाच शब्दांत येतो. म्हणूनच या आठवड्यात घरातील सर्वांनी मिळून त्याचा विचार करावा असे आम्हांस वाटते.

आपल्या म्हणी काय सांगतात?

न समजण्याबद्दल मराठीतही म्हणी आणि वाक्प्रचार पुष्कळ आहेत. ‘गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता’ ही म्हण सर्वांना पाठ आहे. ‘पालथ्या घड्यावर पाणी’ हेही आपण सहज बोलून जातो. ‘त्याला त्यातले ओ की ठो कळत नाही’ असे म्हणून एखाद्याला मोडीत काढले जाते. या तिन्ही ठिकाणी बोलणारा शहाणा आहे आणि ऐकणारा गाढव, पालथा घडा किंवा अडाणी आहे. सांगणाऱ्याने नीट सांगितले का, ऐकणाऱ्याला कळेल अशा भाषेत सांगितले का, हे विचारण्याची सोयच ही म्हण ठेवत नाही.

इंग्रजी वाक्प्रचाराचे वेगळेपण येथे आहे. तो वापरणारा माणूस स्वतःबद्दल बोलतो. ‘टू मी’ म्हणजे ‘मला’ हा शब्द त्यात महत्त्वाचा आहे. ‘हे मला ग्रीक आहे’ असे म्हणणारा स्वतःला गाढव म्हणत नाही आणि समोरच्यालाही मूर्ख ठरवत नाही. ही भाषा मला शिकवलेली नाही, एवढेच तो सांगतो. ग्रीक न येणे ही लाज नव्हे. कुणी शिकवले तर ती येऊ शकते. आपल्याकडेही ‘डोक्यावरून गेले’ असे आपण म्हणतो, ते या इंग्रजी बोलण्याच्या सर्वात जवळचे आहे. पण ते आपण मित्रमंडळीत म्हणतो, कचेरीत किंवा दवाखान्यात म्हणत नाही. तेथे आपण मान डोलावतो.

वाक्प्रचार आला कोठून?

विल्यम शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ या नाटकामुळे हा वाक्प्रचार जगभर पोचला. १५९९ साली लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात हे नाटक झाले आणि १६२३ साली ते शेक्सपिअरच्या एकत्रित नाटकांच्या ग्रंथात छापले गेले. पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात रोममध्ये एक समारंभ चालू आहे. सीझरला तीन वेळा मुकुट देऊ केला जातो आणि तो तीन वेळा नाकारतो. हा सगळा प्रकार पाहून आलेला कॅस्का नावाचा सरदार ब्रूटस आणि कॅशियस यांना हकिकत सांगतो. सिसेरो काही बोलला का, असे कॅशियस विचारतो. कॅस्का सांगतो की बोलला, पण ग्रीकमध्ये बोलला. ज्यांना कळले ते एकमेकांकडे पाहून हसले आणि माना हलवू लागले, पण आपल्यापुरते म्हणाल तर ते ग्रीकच होते.

येथे गंमत अशी की सिसेरो खरोखरच ग्रीक बोलला होता. म्हणजे कॅस्काचे उत्तर शब्दशः खरे आहे आणि विनोदही आहे. त्या प्रसंगातील एक बारकावा आम्हांला फार बोलका वाटतो. ज्यांना भाषा कळली ते आपापसात हसले. मोठ्या सभेत चार जाणकारांनी डोळ्यांनी खुणावायचे आणि बाकीच्यांनी नुसते पाहत राहायचे, हे दृश्य आपल्याला काही नवीन नाही.

ही कल्पना शेक्सपिअरने एकट्याने काढली असे मात्र नाही. मध्ययुगीन युरोपात विद्येची भाषा लॅटिन होती आणि ग्रीक जाणणारे फार थोडे उरले होते. जुन्या ग्रंथात मध्येच ग्रीक उतारा आला की तो सोडून देत. ‘हे ग्रीक आहे, वाचता येत नाही’ अशा अर्थाचे एक लॅटिन वचनच रूढ झाले होते. पुढे १३९७ साली मॅन्युएल क्रायसोलोरास हा विद्वान कॉन्स्टँटिनोपलहून इटलीतील फ्लॉरेन्स शहरी ग्रीक शिकवायला आला. त्यानंतर ती भाषा पश्चिम युरोपात पुन्हा शिकली जाऊ लागली. सांगायचा मुद्दा हा की, ज्या पंडितांना लॅटिन उत्तम येत होते, तेही एके काळी ग्रीकपुढे निरक्षरच होते. त्यांनी मात्र पान उलटताना लाज धरली नाही. वाचता येत नाही, असे सरळ सांगून टाकले.

प्रत्येकाचे ‘ग्रीक’ वेगळे

मग ग्रीक माणूस काय म्हणत असेल? तो म्हणतो, ‘हे मला चिनी वाटते.’ स्पेनचा माणूसही चिनीचेच नाव घेतो. फ्रेंच माणूस कधी चिनी म्हणतो, कधी हिब्रू. फिनलंडमध्ये हिब्रू म्हणतात. इटलीत अरबी म्हणतात. जर्मन माणसाला एखादी गोष्ट चमत्कारिक वाटली की ती त्याला ‘स्पॅनिश वाटते’, आणि काहीच कळले नाही तर ‘मला फक्त रेल्वे स्टेशन समजले’ असे तो म्हणतो. चीनमधील लोक दुसऱ्या कोणत्याच देशाचे नाव घेत नाहीत. न कळणाऱ्या लिखाणाला ते ‘स्वर्गातील पुस्तक’ म्हणतात.

मुलांना हे जरूर सांगावे. एकाची मातृभाषा ती दुसऱ्याची अगम्य भाषा. जगात कोणतीही भाषा मुळात अवघड नाही आणि कोणताही माणूस मुळात अडाणी नाही. कोण कोठे जन्मला आणि त्याला काय शिकायला मिळाले, यावर सारे अवलंबून आहे.

वापरावे कसे?

आता विद्यार्थ्यांसाठी थोडे वापराविषयी. ‘ग्रीक टू मी’ यात ‘ऑल’ हा शब्द जोर देण्यासाठी येतो, तो घातला नाही तरी चालते. ‘द लेक्चर वॉज ऑल ग्रीक टू मी’ म्हणजे ते व्याख्यान मला मुळीच कळले नाही. ‘मी’ च्या जागी दुसरे नामही येते. ‘धिस फॉर्म इज ग्रीक टू माय मदर’ म्हणजे हा फॉर्म माझ्या आईला समजत नाही. ‘ग्रीक’ च्या आधी ‘अ’ लावू नये. ‘अ ग्रीक’ म्हणजे ग्रीस देशाचा माणूस.

थोडेफार कळत असेल तर हा वाक्प्रचार वापरू नये. काहीच कळत नसेल तेव्हाच तो शोभतो. तो बोलण्यातला आहे, अर्जातला नाही. अर्जात किंवा पत्रात ‘दुसऱ्या परिच्छेदाचा अर्थ मला समजला नाही’ असे साधे वाक्यच लिहावे. आणि एखाद्याच्या मातृभाषेला उद्देशून त्याच्या तोंडावर तो वापरणे उद्धटपणाचे ठरते.

त्याच्या जवळचे आणखी दोन वाक्प्रचार सांगून ठेवतो. ‘आय कान्ट मेक हेड ऑर टेल ऑफ इट’ म्हणजे याचे डोके कोणते आणि शेपूट कोणते, हेच कळत नाही. ‘इट वेन्ट ओव्हर माय हेड’ म्हणजे अगदी आपले ‘डोक्यावरून गेले’. इंग्रज आणि मराठी माणसाच्या डोक्यावरून गोष्टी सारख्याच जातात, हे पाहून मुलांना मौज वाटेल.

सोंग घेणारेही असतात

कॅस्काकडे पुन्हा एकदा वळू. शेक्सपिअरने हे नाटक प्लुटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकाराच्या आधारे रचले. १५७९ साली टॉमस नॉर्थने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर त्याच्यापुढे होते. या प्लुटार्कने सीझरच्या खुनाची हकिकत दिली आहे. पहिला वार कॅस्कानेच केला. सीझरने त्याचे शस्त्र धरले तेव्हा कॅस्काने आपल्या भावाला मदतीसाठी हाक मारली, आणि प्लुटार्क सांगतो की ती हाक ग्रीक भाषेत होती!

म्हणजे इतिहासातल्या कॅस्काला ग्रीक चांगले येत होते. शेक्सपिअरच्या कॅस्काला खरेच येत नव्हते की अडचणीच्या विषयातून अंग काढून घेण्यासाठी तो तसे म्हणाला, हे नाटक पाहणाऱ्याने ठरवावे. पण ‘मला काही कळले नाही’ हे वाक्य दोन तऱ्हेचे लोक बोलतात, एवढे यावरून दिसते. एकाला खरोखर कळलेले नसते. दुसऱ्याला सगळे कळलेले असते, परंतु कळले असे म्हटले तर जबाबदारी येते. टेबलाच्या आतल्या बाजूला बसून आम्ही कारकुनीत बरीच वर्षे काढली आहेत. गरिबाचा अर्ज हाती आला की ‘यात काय म्हणायचे आहे तेच कळत नाही’ असे म्हणून तो बाजूला सारणारे आम्ही पाहिले आहेत. तोच अर्ज वजनदार माणसाच्या शिफारशीसह आला की अक्षर न् अक्षर कळते. हे दुसऱ्या तऱ्हेचे ‘ग्रीक’ ओळखायला शिकले पाहिजे.

इंग्रजांवरही ही वेळ आली होती

आज आपण इंग्रजी कागदाला बिचकतो. परंतु खुद्द इंग्लंडच्या सामान्य माणसावर शेकडो वर्षे हीच पाळी होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १०६६ साली नॉर्मंडीच्या ड्यूकने इंग्लंड जिंकले आणि पुढे दरबार व कोर्टे यांत फ्रेंच आणि लॅटिन या भाषा बसल्या. शेतकरी, विणकर, लोहार इंग्रजी बोलत. त्यांच्या जमिनीचे, कर्जाचे, प्राणाचे निकाल मात्र त्यांना न कळणाऱ्या भाषेत लागत.

१३६२ साली तिसऱ्या एडवर्ड राजाच्या कारकिर्दीत एक कायदा झाला. आपल्या बाजूने किंवा आपल्याविरुद्ध वकील काय बोलतो आहे, हे लोकांना कळत नाही. म्हणून कोर्टातील युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत, असे त्यात ठरले. पण गंमत बघा, हा कायदा स्वतः फ्रेंच भाषेत लिहिलेला होता! आणि दप्तर तर लॅटिनमध्येच राहिले. कोर्टाचे सर्व कागद इंग्रजीत करण्याचा कायमचा कायदा १७३० साली पार्लमेंटने केला व तो १७३३ पासून अंमलात आला. अनोळखी भाषेतील कागदांमुळे लोक जाळ्यात सापडतात, त्यांच्या जिवाला व मालमत्तेला धोका होतो, असेच कारण त्या कायद्यात दिले होते. पहिल्या कायद्यापासून दुसऱ्या कायद्याच्या अंमलापर्यंत ३७१ वर्षे लागली. जाणकारांना आपली भाषा सोडणे किती जड जाते, याचा हा हिशेब आहे.

त्याच इंग्लंडात १५८० च्या दशकात थॉरोगुड नावाच्या माणसाचा एक खटला गाजला. थॉरोगुड घरमालक होता, पण निरक्षर होता. त्याच्या कुळाकडे भाडे थकले होते. कुळाने एक दस्त पुढे केला. जवळच्या एका माणसाने सांगितले की, यात फक्त थकलेले भाडे सोडून दिल्याचे लिहिले आहे. तेवढेच असेल तर माझी हरकत नाही, असे म्हणून थॉरोगुडने शिक्का उठवला. प्रत्यक्षात त्या कागदात त्याने आपले सर्व हक्क सोडले होते. न्यायालयाने सांगितले की निरक्षर माणसाला कागद खोटा वाचून दाखवला असेल तर तो त्याला बांधील नाही. हे तत्त्व पुढे इंग्लंडच्या कायद्यात टिकले आणि आपल्याकडील न्यायालयांनीही ते मानले. पण वाचकहो, असा खटला लढायला पैसा लागतो, वर्षे लागतात आणि खोटे वाचून दाखवले हे सिद्ध करावे लागते. त्यापेक्षा सही करण्यापूर्वी ‘हे मला ग्रीक आहे’ असे म्हणणे किती तरी स्वस्त!

नागपूरचा निकाल

आपल्या महाराष्ट्रातलेच एक उदाहरण आहे. १९६१ साली नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने हरिकिसन यांना प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली स्थानबद्ध करण्यात आले. आदेश आणि स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत होती. आपल्याला इंग्रजी येत नाही, हिंदी प्रत द्यावी, अशी मागणी त्यांनी केली. ती नाकारण्यात आली. सरकारचे म्हणणे असे की इंग्रजी ही अधिकृत भाषा आहे आणि पोलीस अधिकाऱ्याने तोंडी समजावून सांगितले आहे, तेवढे पुरे. उच्च न्यायालयात त्यांना दाद मिळाली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला. राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाच्या ५ व्या खंडात असे आहे की, स्थानबद्धाला कारणे कळवावीत आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची लवकरात लवकर संधी द्यावी. ‘कळवणे’ म्हणजे नुसता कागद हातात देणे नव्हे. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला कळणाऱ्या भाषेत व लिपीत कारणे दिली पाहिजेत, नाहीतर त्याने आपला बचाव करायचा कसा? तोंडी भाषांतर पुरेसे धरले गेले नाही आणि स्थानबद्धता रद्द झाली. पुढे १९६८ साली ओरिसातील हडिबंधू दास यांच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली. तेथे तर आदेश टंकलिखित १४ पानांचा होता.

या निकालाचे मोल आम्हांस फार वाटते. हरिकिसन यांनी मान डोलावली असती, अंगठा किंवा सही करून कागद घडी घालून ठेवला असता तर हा निकाल झालाच नसता. त्यांनी एकच गोष्ट केली. हे मला कळत नाही, मला कळणाऱ्या भाषेत द्या, असे ते म्हणाले आणि त्यावर ठाम राहिले. न समजणे हा माणसाचा दोष नाही. समजेल असे सांगणे हे कागद देणाऱ्याचे कर्तव्य आहे, हे त्यामुळे देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयाने लिहून ठेवले.

आपल्या घरचे कागद

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी स्थानबद्धतेचा आदेश येत नाही. पण कर्जाचे, विम्याचे, दवाखान्याचे कागद येतात. सामाजिक कामाच्या निमित्ताने वस्त्यांमधून फिरताना आम्ही जे पाहतो ते सांगतो. धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंनी शेजारणीच्या कर्जाच्या कागदावर सही केली. ‘साक्षीदार म्हणून आहे’ असे त्यांना सांगितले होते. तीन वर्षांनी वसुलीची नोटीस त्यांच्याच नावाने आली, तेव्हा आपण जामीनदार आहोत हे त्यांना कळले. ताई चौथी शिकलेल्या आहेत. ‘जामीनदार’ हा शब्द त्यांना वाचता आला असता. पण कागद इंग्रजीत होता, रांग मोठी होती, आणि ‘इथं सही करा’ असे म्हणणारा माणूस घाईत होता. ‘मला कळलं नाही म्हणायची लाज वाटली,’ असे त्या आम्हांला म्हणाल्या. त्या लाजेची किंमत त्या आजही हप्त्याने फेडीत आहेत.

म्हणून पुढील गोष्टी घरातील सर्वांनी, विशेषतः महिलांनी, ध्यानात ठेवाव्यात.

कर्ज घेताना : रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्या यांनी व्यक्तींना व लहान उद्योगांना मुदतीचे नवे कर्ज देताना ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ नावाचे पत्रक दिले पाहिजे. एकूण खर्चासह वर्षाचा खरा दर किती पडतो आणि हप्ते कसे आहेत, हे त्यात असते. ते पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे, त्याला समजावून सांगावे आणि समजल्याची पोच घ्यावी, असे आदेशात आहे. त्या पत्रकात न लिहिलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. बचत गटाच्या भगिनी ज्या सूक्ष्म वित्त कंपन्यांकडून कर्ज घेतात, त्यांचे कर्जाचे कार्डही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे, असा २०२२ चा नियम आहे. सहकारी पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत. तेथेही मराठीतून लिहून मागणे हा गुन्हा नाही.

विमा घेताना : प्रस्तावाच्या फॉर्मवर अंगठा असेल किंवा मराठीत सही असेल तर, ‘मजकूर समजावून सांगितला’ असे दुसऱ्या माणसाने लिहून द्यायचे असते. कुणी न समजावता ते लिहून देत असेल तर तेथेच थांबवावे. पॉलिसी हाती आल्यावर वाचून पाहावी किंवा वाचून घ्यावी. २०२४ च्या नियमांनुसार एक वर्ष वा अधिक मुदतीची जीवन विमा किंवा आरोग्य विमा पॉलिसी पसंत नसेल तर, मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत परत करता येते. थोडा खर्च कापून हप्ता परत मिळतो.

दवाखान्यात : औषधांची नावे डॉक्टरांनी वाचता येतील अशी, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत, असा बदल २०१६ साली वैद्यकीय व्यवसायाच्या नियमांत झाला. चिठ्ठी वाचता येत नसेल तर ‘डॉक्टर, हे कशासाठी आणि कधी घ्यायचे?’ एवढे दोन प्रश्न विचारूनच बाहेर पडावे.

कोठेही सही करताना : ‘माझी सही येथे कोण म्हणून होत आहे?’ हा प्रश्न विचारावा. कर्जदार, जामीनदार, साक्षीदार आणि संमती देणारा ही चार माणसे वेगवेगळी आहेत. कोरा फॉर्म असेल तर सही करूच नये, आणि सही केलेल्या कागदाची झेरॉक्स मागून घ्यावी.

ग्रीक कायमचे ग्रीक राहत नाही

‘कळत नाही’ असे बोलून दाखवणे ही पहिली पायरी झाली. तेवढ्यावर थांबले तर मात्र उपयोग नाही. यासाठी एक खरी गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.

१९०० सालापासून ग्रीसजवळच्या क्रीट बेटावर आर्थर इव्हान्स यांनी उत्खनन केले. तेथे मातीच्या हजारो पाट्या सापडल्या. त्यांवरील एका लिपीला ‘लिनिअर बी’ असे नाव पडले. ती कुणालाच वाचता येईना. ती ग्रीक असणे शक्य नाही, असे इव्हान्स यांचे मत होते आणि त्यांच्या शब्दाला मोठे वजन होते. अमेरिकेतील अॅलिस कोबर या प्राध्यापक बाईंनी वर्षानुवर्षे एकेका चिन्हाची नोंद कागदाच्या चिठ्ठ्यांवर केली. अशा सुमारे १ लाख ८० हजार चिठ्ठ्या त्यांनी सिगारेटच्या रिकाम्या खोक्यांतून लावून ठेवल्या होत्या. १९५० साली त्या वारल्या, पण त्यांच्या नोंदींनी वाट मोकळी केली. मायकेल व्हेन्ट्रिस हा चौदा वर्षांचा शाळकरी मुलगा असताना त्याने इव्हान्स यांचे बोलणे ऐकले होते. तो पुढे आर्किटेक्ट झाला, भाषेचा प्राध्यापक नव्हे. फावल्या वेळात त्याने ही लिपी सोडवण्याचा ध्यास घेतला आणि १९५२ साली ती वाचली. आणि ती भाषा निघाली ग्रीकच, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची!

त्या पाट्यांवर काव्य नव्हते की राजाज्ञा नव्हत्या. मेंढ्या किती, लोकर किती, तेल किती, कामकरी बायकांना धान्य किती द्यायचे, असे कारकुनी हिशेब होते. आमच्यासारख्या कारकुनाला हे वाचून विशेष आनंद झाला. सर्वांना गूढ वाटणारे लिखाण शेवटी रोजच्या व्यवहाराचे निघाले. आपल्यापुढचे कागदही असेच असतात. जड शब्दांचे झाकण काढले की आत व्याज, मुदत, हप्ता आणि जबाबदारी एवढेच असते. ते कळण्यासाठी पंडित व्हावे लागत नाही. विचारावे लागते, लिहून ठेवावे लागते आणि थोडा धीर धरावा लागतो.

मुलामुलींना आमचे एवढेच सांगणे की, ‘इट इज ग्रीक टू मी’ हे वाक्य वहीत उतरवून घ्या आणि आई, आजी, मावशी यांना त्याचा अर्थ समजावून सांगा. पुढच्या वेळी त्या बँकेत किंवा दवाखान्यात जातील तेव्हा तुम्ही बरोबर जा. कागद त्यांच्यासमोर वाचा, मराठीत सांगा, आणि तुम्हांलाही कळला नाही तर खिडकीपलीकडच्या साहेबांना तसे नम्रपणे पण मोठ्याने सांगा. आई-आजीने तोवर पेनाचे टोपण काढू नये.